गच्चीवर गोल्फ स्विंगचा सराव : काय विकत घ्यावं, काय कोल्हापुरात करून घ्यावं?

रंकाळा_पहाट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुण्यात नोकरीला असताना गोल्फची गोडी लागली. आता कायमचा घरी, रुईकर कॉलनीत परत आलोय. अधूनमधून पुण्याला जाणं होतं तेव्हा रेंजवर, म्हणजे नुसते फटके मारायच्या मैदानावर, हात साफ करून घेतो, पण मधल्या काळात काठीला हात लागला नाही की स्विंगची लय जाते ती जातेच.

घरावर गच्ची आहे, साधारण २० बाय १५ फूट. कठडा ३ फुटी. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि सोलर, एका अंगाला जिन्याची खोली, आणि समोर शेजाऱ्यांच्या खिडक्या. सामान असं हवं की संध्याकाळी मांडावं, तासाभरानं गुंडाळून जिन्याखाली सरकवावं.

ऑनलाइन बघायला गेलो तर पॉप-अप जाळी, मॅट, फोमचे चेंडू, वजनाची लवचीक काठी, फटका मारून बघायची इम्पॅक्ट बॅग, चेंडूचा वेग मोजणारा खिशात मावणारा रडार, संपतच नाही. एका दमात सगळं घ्यायचं बजेट नाही. पहिल्यांदा काय घ्यावं? आणि आपल्याकडे उद्यमनगरात एवढी वर्कशॉप असताना जाळीची चौकट बाहेरून मागवायची गरज आहे का? ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नऊ_नंबर_गल्ली | सोमवार, रात्री १०:०५

समोर खिडक्या आहेत म्हणताय, तर जाळीची नीट व्यवस्था होईपर्यंत खरा चेंडू गच्चीवर नेऊच नका. फोमचा घ्या. बाकी जाणकार सांगतीलच. धागा वाचनखुणेत टाकलाय, मलाही हेच हवं होतं.

टी_ऑफ_फुलेवाडी | सोमवार, रात्री ११:२०

रंकाळाराव, खरेदीच्या आधी एक सांगतो, त्यावरून क्रम आपोआप ठरेल. जाळी चेंडू अडवते. शिकवत काही नाही. रेंजवर चेंडू उजवीकडे वळला की डोळ्यांना दिसतं आणि अंग आपोआप दुरुस्ती शोधायला लागतं. जाळीत चांगला फटका आणि वाईट फटका दोन्ही आठ फुटांवर धप्प करून खाली पडतात. महिनाभर जाळीत मारून लोक रेंजवर जातात तेव्हा जुनाच दोष अजून घट्ट बसलेला असतो. म्हणून जाळीपेक्षा फटका कसा बसला हे सांगणाऱ्या वस्तू आधी जमवा. त्यातल्या बऱ्याचशा घरातच सापडतात.

व्हाइटबोर्डचं मार्कर घ्या. चेंडूच्या मागच्या बाजूला, म्हणजे काठी जिथं लागणार तिथं, ठळक ठिपका काढा. फटक्यानंतर काठीच्या तोंडावर तो ठिपका उमटतो. टाचेकडे (दांडीजवळ) बसला, टोकाकडे बसला की मधोमध, लगेच कळतं. कापडानं पुसा, पुढचा चेंडू. पाच फटक्यांचे ठिपके न पुसता ठेवले तर एका जागी जमतायत की विखुरतायत ते दिसतं, आणि माझ्या मते घरच्या सरावात याहून मोलाची माहिती दुसरी नाही.

मग टॉवेल. चेंडूच्या मागे चार बोटं जागा सोडून घडी घातलेला टॉवेल आडवा टाका. लोखंडी काठीचा फटका आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा, स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडायला हवा. काठी आधी खाली टेकली तर टॉवेल उडतो. मॅटवर हे फार गरजेचं आहे, कारण गवतावर काठी मागे टेकली की ती मातीत रुतते आणि चेंडू चार पावलं जातो. मॅटवर ती घसरून पुढे जाते, फटका बरा वाटतो आणि दोष लपून राहतो.

दिशेच्या काठ्या म्हणून विकतात त्या चार फुटी फायबरच्या असतात. इलेक्ट्रिकलच्या दुकानातून वायरिंगचा पीव्हीसी पाइप आणा, १० फुटी मिळतो, चार-चार फुटांचे दोन तुकडे करा. एक पायांच्या बोटांपुढे, एक चेंडूच्या पलीकडे, दोन्ही समांतर आणि जाळीतल्या खुणेकडे. झालं काम.

आणि फोन. स्लो मोशनला लावा, सेकंदाला २४० चित्रं काढणारा असेल तर उत्तम. हाताच्या उंचीवर, तुमच्या मागून लक्ष्याच्या रेषेत एकदा आणि समोरून छातीकडे एकदा. स्टँडचे पाय कुठं होते ते गच्चीवर खडूनं आखून ठेवा. स्टँड वीतभर सरकला तरी काठीचा मार्ग वेगळाच दिसतो आणि माणूस नसलेला दोष सुधारत बसतो. दिवेलागणीला चित्रण मळकट येतं, व्हिडिओचा सराव सकाळचा ठेवा.

रंकाळा_पहाट | मंगळवार, सकाळी ७:१५

टी_ऑफ साहेब, मनापासून आभार. आजच मार्कर आणतो. जाळीबद्दल मात्र अजून प्रश्न आहे. खेळाच्या दुकानात क्रिकेटची जाळी सहज मिळते, स्वस्तही आहे. तीच टांगली तर?

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:३०

क्रिकेटची जाळी नको. कारण सांगतो.

क्रिकेटचा चेंडू साधारण ७२ मिमी व्यासाचा. त्यासाठी विणलेल्या बऱ्याच जाळ्यांचं घर ४५ ते ५० मिमीचं असतं. गोल्फचा चेंडू नियमानं किमान ४२.६७ मिमी. म्हणजे तो त्या घरातून सरळ पार जाईल, नाहीतर दोऱ्यात अडकून दोरा फाडेल. तुम्हाला २० ते २५ मिमीचं घर हवं. मोजपट्टी घेऊनच दुकानात जा.

दुसरं, जोर. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या काठीवरून, तो ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सुटू शकतो. ताशी २१६ धरला तर ऊर्जा येते ८३ ज्यूलच्या आसपास. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १२० नं टाकला तर ८९. म्हणजे मार जवळजवळ वेगवान गोलंदाजाचाच, पण पडतो जेमतेम एक तृतीयांश क्षेत्रफळावर. बाल्कनीला लावतात ती कबुतरजाळी किंवा रोपवाटिकेची हिरवी शेडनेट यापुढे टिकणार नाही. कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

आता मापं. तुमच्या गच्चीची २० फूट लांबी पुरते. चेंडू ते जाळी ८ फूट, जाळीमागे झोळ जायला २ फूट, आणि चेंडूमागे काठी फिरायला ७ फूट. ८ फुटांवर सात नंबरच्या लोखंडीचा चेंडू, २० अंशांत सुटला तर, ३ फुटांच्या आसपास उंच असतो. वेजचा, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या जवळच्या फटक्याच्या काठीचा, ३० अंशांत सुटला तर साडेचार फूट. त्यामुळे ७ फूट उंच जाळी चालते. रुंदी मात्र दगा देते. चेंडू २० अंश वाकडा गेला की ८ फुटांवर तो ३ फूट बाजूला असतो. ७ फुटी जाळीत मध्यापासून साडेतीनच फूट हातात आहेत. रुंदी १० फूट ठेवा.

शँक बसला, म्हणजे चेंडू काठीच्या मानेला लागला, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू थेट उजवीकडे तिरपा सुटतो, समोरची जाळी त्याला दिसतही नाही. उजवीकडे वेगळा पडदा हवाच. तुम्ही उजवे असाल तर जिन्याची खोली उजव्या अंगाला येईल असं उभं राहा. पण उघडी भिंत ठेवू नका, चेंडू उलटा तोंडावर येईल. भिंतीपासून हातभर पुढे जुनं घोंगडं टांगा. घोंगडं मार गिळतं आणि आवाजही करत नाही.

चौकट एक इंची जीआय पाइपची करून घ्या. कोपऱ्याला तीन तोंडांचे सॉकेट वेल्ड करून घेतले की पाइप आत सरकवून खटक्याच्या पिननं अडकतात, हत्यार लागत नाही. पुढच्या पाइपवर एसीच्या नळीला गुंडाळतात तो काळा फोम चढवा, नाहीतर पाइपला लागलेला चेंडू गोळीसारखा परत येतो. गच्चीला भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. सिमेंटच्या पोत्यात वाळू भरून चारी पायांवर ठेवा. जाळी कधीही ताणून बांधू नका. ताणलेली जाळी चेंडू परत फेकते, सैल जाळी जिरवते. खालची कडा हातभर पुढे ओढून जमिनीवर पसरा म्हणजे चेंडू खालून निसटणार नाही.

नऊ_नंबर_गल्ली | मंगळवार, दुपारी २:१०

साहेब, एवढं सगळं केल्यावर ते 'पोर्टेबल' राहिलं का? पॉप-अप जाळी पिशवीतून काढली की उभी. माझ्या मेव्हण्याकडे आहे, दोन मिनिटांत मांडतो.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी ३:००

मोकळ्या मैदानात, मागे कुणी नसताना, छोट्या काठ्यांसाठी पॉप-अप छानच. मीही नाही म्हणणार नाही. पण यांच्यासमोर शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत. पॉप-अप वजनाला हलकी, गच्चीवरच्या वाऱ्यानं सरकते, आणि बहुतेकींना बाजूचा पडदा नसतो. दुसऱ्याच्या घरात माणसं वावरतात तिथं मी दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं देईन.

फिजिओ_ताई | मंगळवार, रात्री ८:४५

मॅटबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण दुखणी तिथूनच येतात.

गच्ची म्हणजे काँक्रीट. त्यावर पातळ मॅट टाकून लोखंडी काठीनं फटके मारले की प्रत्येक धक्का मनगटातून कोपरापर्यंत जातो. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं मनगट वळवणारे स्नायू हाडाला चिकटतात, तिथं सूज धरते. यालाच गोल्फर्स एल्बो म्हणतात. बाहेरच्या बाजूचं दुखणंही गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये भरपूर दिसतं, विशेषतः पुढच्या हाताला (उजव्या खेळाडूच्या डाव्या). सुरुवातीला फक्त बादली उचलताना किंवा कुलूप फिरवताना कळ येते, लोक दुर्लक्ष करतात आणि मग ते महिनोन्महिने रेंगाळतं.

मॅट घेताना हाताच्या बोटानं दाबून बघा. खालचा फोम खाली जायला हवा आणि सावकाश वर यायला हवा. नुसती कृत्रिम गवताची सतरंजी म्हणजे मॅट नव्हे. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. चेंडूपुरती छोटी जाड मॅट घेतली आणि पाय थेट गच्चीवर ठेवले, तर चेंडू पायांपेक्षा इंचभर वर येतो. अंग नकळत उभं राहायला शिकतं आणि सपाट मैदानावर काठी चेंडूच्या डोक्याला लागते. पायाखालीही तेवढ्याच जाडीचं काहीतरी हवं. कराटेच्या वर्गात वापरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या उत्तम, सुट्या करून रचून ठेवता येतात.

सुरुवात वेजनं, अर्ध्या स्विंगनं. सलग शंभर फटके मारण्यापेक्षा दहा मारा, थांबा, ठिपके बघा, परत दहा. दुखलं तर त्या दिवशी बंद. आठवडाभरात उतरलं नाही तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

तालमीचा_नाद | बुधवार, सकाळी ६:३०

धागा वाचून लै बरं वाटलं. आमच्या तालमीत मुद्गल फिरवतात, मी लहानपणापासून फिरवतोय. गोल्फवाले वजनाची काठी वापरतात म्हणे. मग मुद्गलच फिरवलं तर चालंल का? खांदा एकदम मोकळा होतो बघा.

टी_ऑफ_फुलेवाडी | बुधवार, सकाळी ९:००

दादा, खांदे, पकड आणि मनगटासाठी मुद्गल एक नंबर. सरावाच्या आधी हलकं मुद्गल दोन्ही हातांनी फिरवून घ्या, मी शिफारसच करतो. पण स्विंगची वजनी काठी वेगळं काम करते. तिची दांडी लवचीक असते आणि टोकाला वजन असतं. वरून हातांनी हिसका दिला की टोक मागे राहतं, दांडी डुगडुगते, तोल जातो. आधी कंबर वळली आणि हात मागून आले तरच ती एका लयीत फिरते. मुद्गलाचा मार्ग डोक्याभोवती, पाठीमागून असतो, तिथं हा क्रम शिकायला मिळत नाही.

ती काठी घ्यायच्या आधी फुकटचा उपाय करून बघा. ड्रायव्हर उलटा धरा, डोक्याच्या बाजूनं, आणि मूठ खाली ठेवून फिरवा. सूंऽऽ असा आवाज कुठं येतो ते ऐका. उजव्या खांद्याजवळ आला तर वेग आधीच संपला. चेंडू असतो तिथं किंवा त्याच्या थोडा पुढे आला पाहिजे. यासाठी मोकळी जागा सोडून काहीच लागत नाही.

इम्पॅक्ट बॅगही विकत घेऊ नका. जाड ताडपत्रीची पिशवी शिवून घ्या आणि जुने कपडे ठासून भरा. वाळू भरायची नाही, मनगट जाईल. हळू स्विंगनं पिशवीपर्यंत या आणि थांबा. हात काठीच्या डोक्यापेक्षा पुढे आहेत का, डावं मनगट सपाट आहे का, एवढंच बघा.

शाहूपुरी_आई | बुधवार, दुपारी ४:२०

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं, ते शेवटच्या दिवशी घरी सगळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून हिच्या डोक्यात गोल्फ आहे. मामाच्या जुन्या काठ्या कापून देऊ का? आणि पावसाळ्यात हॉलमध्ये सराव चालेल का?

फिजिओ_ताई | बुधवार, संध्याकाळी ६:००

ताई, मोठ्यांची काठी कापली तरी डोक्याचं वजन तेवढंच राहतं आणि दांडी आणखी ताठ होते. मुलीच्या मनगटाला ते झेपत नाही, मग ती अंग फेकून मारायला शिकते. मुलांसाठीच्या हलक्या दांडीच्या दोन-तीन काठ्या पुरे. एक वेज, एक सात नंबर आणि पटर (चेंडू होलकडे घरंगळवायची काठी). उंची वाढली की बदलायच्या.

हॉलमध्ये पंखा. हे आधी बघा. आपल्याकडे छत नऊ-दहा फुटांवर आणि पंखा त्याच्या फूटभर खाली. पूर्ण स्विंग घरात नकोच. चिपिंग (चेंडू जरासा उचलून टाकायचे छोटे फटके) आणि पटिंग मात्र सतरंजीवर मस्त होतं. खऱ्या होलचा व्यास १०८ मिमी असतो, तेवढ्या तोंडाची वाटी आडवी ठेवा. मुलांना त्यात स्विंगपेक्षा जास्त मजा येते.

टी_ऑफ_फुलेवाडी | बुधवार, संध्याकाळी ७:१०

अदितीबरोबर टोकियोत पुरुषांमध्ये अनिर्बान लाहिरी आणि आपल्या पुण्याचा उदयन माने हेही खेळले होते. मुलीला त्यांचेही व्हिडिओ दाखवा. स्लो मोशनमध्ये पाय कसे चालतात ते मुलं आपल्यापेक्षा पटकन उचलतात.

उसाचं_रान | बुधवार, रात्री ९:३०

आमचं शेत कागलकडे. ऊस तुटून गेला आणि खोडवा ठेवायचा नसला की रान मोकळंच असतं. तिथं जाळी लागत नाही, चेंडू कुठं जातो ते दिसतं. कुणाला यायचं असेल तर या, फक्त फोमचे चेंडू आणा. खरा चेंडू ढेकळांत गेला की सापडत नाही आणि शेजारच्या रानात माणसं असतात.

फोमच्या चेंडूला काही जण नावं ठेवतात. अंतर कळत नाही, वाऱ्यानं भरकटतो, हे खरं. पण वारा नसताना चेंडू कुठल्या बाजूला सुटला आणि कुठं वळला ते मला त्यात चांगलं कळतं. सकाळी सातच्या आत वारा पडलेला असतो तेव्हा मारायचं. छिद्राचे प्लास्टिकचे चेंडू मात्र नको वाटतात, चिरतात लवकर आणि त्यांचे तुकडे रानात राहतात.

रंकाळा_पहाट | गुरुवार, सकाळी ८:००

सगळ्यांचे मनापासून आभार. उसाचं_रान दादा, नक्की येणार. मार्करचा प्रयोग काल केला, फोमच्या चेंडूवर ठिपका नीट उमटत नाही, खरा चेंडूच लागतो. त्यामुळे चौकटीचं काम लगेच द्यायचं ठरवलंय. रडारबद्दल कुणी लिहिलं नाही. घ्यावा का?

पाचगाव_पार_फोर | गुरुवार, दुपारी १२:४५

मी वापरतो. छोटे रडार चेंडूच्या मागे जमिनीवर ठेवतात आणि चेंडूचा वेग डॉप्लर पद्धतीनं, म्हणजे चेंडूवरून परत येणाऱ्या लहरींतल्या बदलावरून, मोजतात. त्यांना चेंडू उडताना काही अंतर दिसावं लागतं. साधारण दोन-अडीच मीटर मागे आणि तेवढंच पुढे. तुमच्या गच्चीवर चेंडूमागे ७ फूट आणि पुढे ८, म्हणजे अगदी काठावर बसतं. घेण्याआधी त्या यंत्राच्या पुस्तिकेतलं किमान अंतर वाचा. कॅमेऱ्याचे येतात ते चेंडूच्या बाजूला ठेवतात, जागा कमी लागते, पण किंमत बरीच वर जाते.

स्वस्त रडारचा वेगाचा आकडा मला विश्वासाचा वाटतो. फिरकी ते बऱ्याचदा अंदाजानं काढतात, त्यावरून स्विंग बदलायला जाऊ नका. पहिल्या वर्षी रडार नाही घेतला तरी काही अडत नाही. तेच पैसे चांगल्या मॅटला घाला.

आणि पुण्यात स्पर्धेत उतरणार असाल तर एक लक्षात ठेवा. सरावाची ही साधनं फेरी चालू असताना वापरता येत नाहीत. काठीवर वजनाचं कडं घालून फिरवलं किंवा दिशेची काठी जमिनीवर ठेवली तर गोल्फच्या नियम ४.३ खाली स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात त्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड, पुन्हा केलं तर बाद. बॅगेत राहिली तर हरकत नाही, वापरायची नाही.

उद्यमनगरी | गुरुवार, दुपारी १:२०

रंकाळाराव, चौकट देताना पाइपला पावडर कोटिंग करून घ्याच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली असते की जिन्याखाली ठेवलेला साधा पाइपही गंजतो, आणि गंजलेला पाइप सॉकेटमधून निघत नाही. सॉकेट पाइपपेक्षा थोडं ढिलं ठेवायला सांगा, कोटिंगची जाडी धरून.

जाळी नायलॉनची असेल तर ओली गुंडाळू नका. आधी दांडीवर वाळवा. उन्हात कायम टांगून ठेवली तरी दोरा विरतो, म्हणून रोज काढणं हे जाळीच्याही फायद्याचं. चेंडू जिथं नेहमी लागतो तिथला दोरा दर महिन्याला दोन बोटांत धरून ओढून बघा. केसाळ झाला असेल तर तेवढ्या भागापुढे जाड कॅनव्हासचा तीन बाय तीनचा तुकडा नुसता वरून टांगा. इचलकरंजीत कुणी ओळखीचं असेल तर कॅनव्हास तिथून मागवा.

रंकाळा_पहाट | गुरुवार, रात्री ९:५०

ठरलं. चौकट आणि २० मिमीची जाळी आधी, मॅट आणि पायाखालच्या लाद्या त्याच बरोबर. रडार नंतर बघू. उजवीकडच्या भिंतीसाठी आईनं माळ्यावरचं घोंगडं काढून दिलंय. समोरच्या काकांनाही आज जाऊन भेटलो, सगळं समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं एवढंच की दुपारी दोन ते चार आवाज नको.

उद्यमनगरी साहेब, एक शेवटचं. १० फूट रुंदीचा वरचा पाइप एकसंध ठेवला तर जिन्यातून वळत नाही. मधे जोड दिला तर वाकेल का?

उद्यमनगरी | गुरुवार, रात्री १०:१५

नुसता जोड दिला तर वाकेल. पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करा आणि जोडाच्या आत एक फूट लांबीचा, आतून घट्ट बसणारा पाइप घाला, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट. एका बाजूला तो वेल्ड करून टाका, दुसऱ्या बाजूला पिन. जाळीचं वजन तेवढं सहज पेलतं. मापं लिहून व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी दुकान बंद व्हायच्या आधी पाइप कापून ठेवतो.